जोडणी होऊ शकली नाही, पण का?

हिंजवडीतल्या आमच्या कार्यालयात क्लाउडवरचा डेटाबेस बीआय प्लॅटफॉर्मला, म्हणजे आकड्यांचे अहवाल बनवणाऱ्या प्रणालीला, जोडण्याचे काम प्रत्येक नव्या प्रकल्पात अडते, आणि पडद्यावर मात्र ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढेच मोघम वाक्य उमटते. पासवर्ड चुकला, डेटाबेसची राखण करणाऱ्या फायरवॉलने प्लॅटफॉर्मचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) अडवला, पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, बंद राहिले की जोडणी सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपली, हे स्पष्ट सांगण्याची तसदी का घेतली जात नाही? मग कंटाळून कोणीतरी फायरवॉलमध्ये ०.०.०.०/०, म्हणजे कोणताही आयपी पत्ता चालेल, असा नियम लिहितो आणि डेटाबेसचे दार साऱ्या जगाला उघडे करतो. ग्राहकांच्या माहितीशी चाललेला हा खेळ पाहून माझा संताप अनावर होतो. अहवाल उद्यावर गेला तरी चालेल, पण हे चालणार नाही. एवढे करून जोडणी झालीच, तर वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येतात, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, आणि मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंतची प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसाच्या विक्रीत जमा होते. प्लॅटफॉर्मच्या आयपी पत्त्यांची यादी मागवून घेणे आणि केवळ वाचनाचा अधिकार असलेले स्वतंत्र खाते उघडणे, ही कामे प्रकल्पाच्या आरंभीच उरकायला कोणाची हरकत असते, हे मला अजूनही कळलेले नाही.