तीन वाद्यांच्या मैफलीत व्हायोलाकडे कान हवा

स्ट्रिंग ट्रायोची, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या तीन तंतुवाद्यांची, मैफल संपली की श्रोत्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: "वाजवले उत्तम, पण क्वार्टेटचा भरीवपणा काही आला नाही." परवाच्या मैफलीनंतरही ते कानावर पडले, आणि बोलणारे गृहस्थ पाश्चात्त्य अभिजात संगीत वर्षानुवर्षे ऐकणारे होते, म्हणून हे लिहावेसे वाटले. ट्रायोकडून चार वाद्यांच्या क्वार्टेटच्या भरीवपणाची अपेक्षा ठेवणेच मला मान्य नाही. मोजक्या स्वरांत संगीतकाराने किती निभावून नेले आणि वादकांनी ते किती पेलले, हे तिथे ऐकायचे असते. आणि ती सारी भिस्त सर्वांत जास्त ज्याच्यावर असते तो व्हायोलावादक बहुतेकांच्या खिजगणतीतही नसतो.

क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असे चार आवाज संगीतकाराला आयते मिळतात. ट्रायोमध्ये दुसरे व्हायोलिन नाही. साध्या तीन स्वरांच्या कॉर्डला, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीला, तीन वाद्ये पुरतात, पण चार स्वरांची कॉर्ड आली की एक तर एखादा स्वर गाळावा लागतो, किंवा कोणाला तरी एकाच वेळी दोन तारांवर गज फिरवावा लागतो. व्हायोलिन वरच्या सप्तकात गात असते, चेलो खालचा पाया धरून असतो, आणि मधली सगळी जागा एकट्या व्हायोलाच्या वाट्याला येते. त्यातून हे वाद्य मुळातच तडजोडीचे. व्हायोलिनची पेटी सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असते. व्हायोलाचे स्वर त्याहून एका पंचमाने खाली असल्याने त्या प्रमाणात त्याची पेटी ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवी, पण तेवढे वाद्य हनुवटीखाली धरून वाजवणार कोण? म्हणून ते ४० ते ४२ सेंटिमीटरवर थांबते, आणि त्यामुळेच त्याच्या आवाजात तो किंचित घोगरा, नाकातला रंग येतो. क्वार्टेटमध्ये व्हायोलावादकाला दोन व्हायोलिनांच्या आडोशाला बसता येते. ट्रायोमध्ये आडोसाच नाही.

परवाच्या वादकांनी व्हायोला मध्ये बसवला होता, हे मला फार आवडले. तो उजव्या टोकाला बसला की वाद्याचे तोंड श्रोत्यांकडून मागे वळते आणि आधीच दबलेला आवाज आणखी दबतो. सुरुवात बीथोव्हनच्या ओपस ९ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधल्या तिसऱ्या, सी मायनरमधल्या ट्रायोने झाली. तिन्ही वाद्ये एकच उतरती स्वरावली वेगवेगळ्या सप्तकांत, दबक्या आवाजात वाजवतात आणि तुकडा सुरू होतो. त्या चार स्वरांतच सुरांची पारख होऊन जाते, कारण तिथे लपायला कॉर्डसुद्धा नसते. पुढचा संथ भाग सी मेजरमध्ये आहे, आणि तिथे एक जुनी अडचण उभी राहते. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेपासून एकेक शुद्ध पंचम लावत वर गेले, तर व्हायोलिनची ई तार चेलोच्या सी तारेशी गांधार म्हणून जुळतच नाही, किंचित चढी राहते. म्हणून जाणते वादक पंचम केसभर आखूड लावतात आणि उरलेले बोटांनी सांभाळतात. परवा एका लांब धरलेल्या कॉर्डवर व्हायोलावादक बाईंनी डाव्या हाताचे बोट इतके थोडे मागे घेतले की डोळ्यांना ते जवळजवळ दिसलेच नाही. पण कॉर्ड एकदम स्थिरावली आणि तीन वाद्यांतून पाच आवाज येत असल्याचा भास झाला. भरीवपणाची तक्रार करणाऱ्यांनी तो क्षण कसा निसटू दिला, हे मला खरोखर समजत नाही.

त्यानंतर गिडिऑन क्लाईन. मोरेव्हियात जन्मलेल्या या ज्यू संगीतकाराने हा ट्रायो १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये टेरेझीनच्या नाझी छावणीत पुरा केला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्याला आउशवित्झला धाडण्यात आले आणि जानेवारी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. अशा रचनेआधी व्यासपीठावरून लांबलचक, गहिवरलेले निवेदन करण्याची प्रथा मला पटत नाही. श्रोता मग रडायची तयारी करून बसतो, आणि पहिल्या व शेवटच्या भागांतली चपळ, खट्याळ लय त्याला खटकू लागते. मधला संथ भाग मोरेव्हियन लोकगीतावरील व्हेरिएशन्सचा, म्हणजे एकाच धुनेच्या बदलत्या रूपांचा, आहे आणि तोच या रचनेचा गाभा आहे. त्यातले दुःख ऐकू येण्यासाठी कोणी सांगावे लागत नाही. परवा कार्यक्रमपत्रिकेत केवळ तारखा आणि ठिकाण छापले होते. तेवढे पुरेसे होते.

उत्तरार्धात मोत्सार्टचा ई फ्लॅट मेजरमधला ट्रायो, के. ५६३ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), सहाही भाग, सुमारे पाऊण तास. १७८८ च्या उन्हाळ्यात आपल्या शेवटच्या तीन सिंफनी लिहून झाल्यावर सप्टेंबरच्या अखेरीस त्याने ही रचना पुरी केली. मिखाएल पुखबर्ग या व्हिएन्नातल्या व्यापारी मित्रासाठी ती लिहिली होती, ज्याच्याकडून मोत्सार्ट तेव्हा वारंवार उसने पैसे घेत होता. (कर्जदाराने सावकाराला दिलेली यापेक्षा मोठी भेट माझ्या तरी ऐकण्यात नाही.) पुढच्या वर्षी ड्रेस्डेनमध्ये ती वाजली तेव्हा व्हायोला खुद्द मोत्सार्टच्या हाती होता, आणि रचना ऐकताना ते पटते. चौथ्या भागाच्या शेवटच्या व्हेरिएशनमध्ये व्हायोलिन आणि चेलो दोन्ही बाजूंनी अतिजलद स्वरांच्या फैरी झाडत असतात आणि व्हायोला मात्र मूळ धून सावकाश, कसलेही अलंकरण न करता गात राहतो. बहुतेक व्हायोलावादक इथे जोर लावतात, आपण ऐकू जाणार नाही या भीतीने. परवा बाईंनी जोर लावला नाही. बाजूच्या दोघांनी आपला आवाज इतका उतरवला की मधली धून आपोआप वर आली. हा समंजसपणा एका आठवड्याच्या तालमीत येत नाही. बहुतेक ट्रायो एखाददुसऱ्या कार्यक्रमापुरते जमवलेले असतात. १९२७ मध्ये पास्किए बंधूंनी उभारला तसा वर्षानुवर्षे एकत्र वाजवणारा ट्रायो विरळाच.

तक्रारी माझ्याही आहेत. मोत्सार्टच्या पहिल्या भागातली पुनरावृत्ती गाळली, ती का, ते त्यांनाच ठाऊक. सभागृह गरजेपेक्षा मोठे होते, आणि मागच्या रांगांसाठी दोन मायक्रोफोन उभे केले होते. ध्वनिक्षेपकातून आलेला व्हायोला व्हायोलिनसारखाच चकचकीत ऐकू येतो आणि तिन्ही आवाजांतला रंगांचा फरक पुसला जातो. हे संगीत मोठ्या खोलीसाठी लिहिलेले आहे. दोनशे खुर्च्यांची जागा घ्यावी आणि हवे तर कार्यक्रम दोनदा करावा.

आयोजकांकडे आणखी एक मागणी आहे. ट्रायोचा कार्यक्रम ठरला की उत्तरार्धात एखादा पियानोवादक बोलावून पियानो क्वार्टेट (हीच तीन वाद्ये आणि पियानो) घालण्याची जी सवय पडली आहे, ती सोडावी. बीथोव्हनचे ओपस ९ मधले तीनही ट्रायो १७९८ मध्ये एकत्रच प्रसिद्ध झाले. ओपस १८ ची क्वार्टेट्स त्यानंतरची, आणि तिकडे वळल्यावर तो ट्रायोकडे पुन्हा आलाच नाही. ते तिन्ही मिळून सव्वा तासाच्या आसपास होतात, म्हणजे मध्यंतरासह एका संध्याकाळी आरामात बसतात. असा सलग कार्यक्रम मी अजून प्रत्यक्ष ऐकलेला नाही. परवाच्याच तिघांनी तो करावा, आणि व्हायोला पुन्हा मध्येच बसवावा.