'आम्हाला दोन्ही जमतं' म्हणणाऱ्यांना

सध्या तरुणांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'आमची पिढी मोबाइल हातात घेऊनच वाढली, गाडी चालवताना बोलणं आम्हाला जमतं. हात मोकळे असले की धोका नाही. अपघात खड्ड्यांमुळे होतात, फोनमुळे फार थोडे.' माझ्या भाच्यानेही तो पुढे पाठवला. तो रोज स्कूटरवरून सिंहगड रस्त्याने कॉलेजला जातो, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

आधी वयाचं बघू. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी 18 ते 25 वयाच्या चालकांना सिम्युलेटरवर बसवून फोनवर बोलायला लावलं. ब्रेक दाबायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाच फोन न वापरणाऱ्या 65 ते 74 वयाच्या चालकांना लागला. फोन सुरू झाला की विशीतलं पोरगं आजोबांएवढं सावकाश होतं. 2010 मध्ये त्यांच्याच चमूने 200 जण तपासले. दोन्ही कामं न बिघडवता करणारे निघाले अडीच टक्के, म्हणजे पाच जण. मेसेज पाठवणारा प्रत्येक जण स्वतःला त्या पाचांत धरतो.

हात मोकळे असल्याने काय होतं? स्ट्रेयर यांच्या त्या प्रयोगातही हात मोकळेच होते. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अपघातातल्या जखमी चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बोलणाऱ्यांचा धोका सुमारे चौपट निघाला, मग फोन हातात असो वा नसो. डोळे रस्त्यावर असतात, पण मन त्या बोलण्यात गुंतलेलं असतं. आणि आपल्याकडचं 'हँड्सफ्री' म्हणजे काय, तर हेल्मेटमध्ये कानाशी खोचलेला फोन! तो घसरू नये म्हणून मान तिरकी, पट्टा सैल. त्या बाजूच्या आरशात बघणं होतच नाही.

खड्डे आहेत, हे अगदी खरं. पण ताशी 40 किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंद मेसेज वाचला की 33 मीटर रस्ता न बघता संपला. खड्डा चुकवायचा कसा?

राहिला 'फार थोडे' हा मुद्दा. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातले 3,395 मृत्यू मोबाइलच्या नावावर नोंदले गेले. प्रमाण दोन टक्के दिसतं खरं, पण धडकेनंतर 'मी फोन बघत होतो' असं कोण लिहून देतं? आणि 3,395 घरं थोडी कशी?

भाच्याशी बोलताना मात्र एक गोष्ट मला लागली. फोन वाजूनही उचलला नाही तर त्याला चैन पडत नाही, कारण बहुतेक वेळा तो आईचा असतो: 'कुठे पोचलास?' आता तो निघताना 'चाळीस मिनिटं फोन डिकीत' एवढं कळवतो. ताई अजून घड्याळाकडे बघत बसते, पण फोन करत नाही.