इफ-एल्स म्हणे नवशिक्यांचं!

‘अजून इफ-एल्स लिहिता? मग तुम्ही नवशिकेच!’ अशा मथळ्याचा एक मेसेज प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. इफ-एल्स म्हणजे ‘अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते’ असं चार ओळींत मांडणं; मेसेज म्हणतो, तेच एका ओळीत उरका. त्यात पाच ‘मंत्र’ आहेत. एका ओळीत लिहिलेली अट वेगात चालते. ओळी कमी तेवढ्या चुका कमी. एका अटीत दुसरी, दुसरीत तिसरी, कितीही घाला. पायथन भाषेत अँड-ऑरची युक्ती वापरा. आणि तेही नको असेल तर स्वतःचं ‘निवड’ नावाचं फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला प्रोग्रामचा तुकडा, एकदा लिहून ठेवा नि सगळीकडे तेच चालवा.

एरवी मी असलं काही वाचून सोडून देते. पण परवा भाची लॅपटॉपवर लायब्ररीच्या दंडाचा प्रोग्राम घेऊन आली. “मावशी, बघ ना, पुस्तक वेळेत परत केलं तरी सगळ्यांना दंड लागतोय.” तासभर ती तारखांची वजाबाकी तपासत बसली होती. वजाबाकी ठणठणीत होती. चूक मंत्र क्रमांक चारमध्ये होती.

तिने लिहिलं होतं: दंड = वेळेत अँड ० ऑर १०. वाचायला छानच वाटतं, वेळेत असेल तर शून्य, नाहीतर दहा. पण पायथन काय करतं? ‘वेळेत’ खरं असलं की ‘अँड’ पुढचं शून्य हाती देतं. आता पायथनच्या लेखी शून्य म्हणजे खोटं. त्यामुळे ‘ऑर’ त्यावर थांबत नाही, पुढे जाऊन दहा उचलतं. उशीर झालेल्यालाही दहा आणि वेळेत आलेल्यालाही दहा. शून्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ), रिकामी यादी किंवा None (‘काहीच नाही’) असतं तरी हेच झालं असतं. आणि या सगळ्यात एररचा एक शब्दही स्क्रीनवर येत नाही. प्रोग्राम कोसळला असता तर बरं, निदान पोरीचा तास वाचला असता.

गंमत म्हणजे ही युक्ती नवीनही नाही. पायथनमध्ये एका ओळीत अट लिहून किंमत निवडायची सोयच नव्हती तेव्हा लोक नाइलाजाने ती वापरायचे. ती सोय आणण्यासाठीच्या पेप ३०८ या प्रस्तावावर २००३ मध्ये मोठा वाद झाला, मतदानही झालं, पण एकमत होईना. शेवटी २००५ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी आजची मांडणी ठरवली आणि २००६ च्या पायथन २.५ मध्ये ती आली. सोय का आणली, याचं कारण त्या प्रस्तावातच दिलंय: लोक अँड-ऑरने हेच साधायला बघतात आणि त्यात चुका होतात. म्हणजे जी खोड मोडायला भाषा बदलली, तीच हा मेसेज वीस वर्षांनी ‘प्रो टिप’ म्हणून वाटतोय!

पाचवा मंत्र तर याहून जुना आहे. ‘निवड(अट, हे, ते)’ असं फंक्शन लिहायचं. यादीची सरासरी काढायचीय, म्हणून निवड(यादी रिकामी, ०, बेरीज भागिले संख्या). यादी रिकामी निघाली की शून्याने भागाकार, आणि प्रोग्राम आडवा! कारण फंक्शनच्या आत शिरण्याआधीच तिन्ही गोष्टी मोजून होतात. ‘निवड’ला निवडायची संधी मिळेपर्यंत भागाकार होऊन गेलेला असतो.

लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन मॅकार्थी यांनी १९५७-५८ च्या सुमारास नेमकं हेच करून पाहिलं होतं. बुद्धिबळाच्या खेळ्यांचा प्रोग्राम फोर्ट्रान भाषेत लिहिताना त्यांनी एक्सआयएफ नावाचं असंच फंक्शन बनवलं. लिस्पच्या इतिहासावरच्या लेखात ते म्हणतात की त्याने प्रोग्राम लहान आणि सोपे झाले, पण ते जपून वापरावं लागे, कारण तिन्ही किमती आधी मोजाव्या लागत. या अडचणीतूनच खरी सशर्त राशी जन्मली: अट पाहा आणि दोघांतली एकच बाजू मोजा. अख्ख्या कल्पनेचा जीव ‘एकच बाजू’ या दोन शब्दांत आहे, आणि मेसेज तेवढेच दोन शब्द काढून टाकतो.

एकात एक अटी घालण्याबद्दल फार बोलत नाही, पीएचपी या भाषेचं उदाहरण पुरे. तिथे एका ओळीतली अट ‘अट ? हे : ते’ अशी प्रश्नचिन्ह-कोलनने लिहितात, आणि अशा अटींची साखळी डावीकडून जुळायची. ‘गुण ७५ च्या वर तर विशेष, नाहीतर ६० च्या वर तर प्रथम, नाहीतर द्वितीय’ असं कंस न घालता लिहा, ८० गुणांचा विद्यार्थी ‘प्रथम’मध्ये जाऊन बसतो. हीच ओळ सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये बरोबर चालते. पीएचपीने ७.४ मध्ये इशारा दिला आणि ८.० पासून कंसाशिवाय अशी साखळी चालवणंच बंद केलं. गो भाषेच्या कर्त्यांनी तर हे चिन्ह भाषेत घेतलंच नाही, कारण लोक त्याने न उलगडणारी गुंतागुंत करून ठेवतात हे त्यांनी पाहिलं होतं.

वेगाचं म्हणाल तर सी-सारख्या भाषेत ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोग्राम वेगवान करणारा भाग, एका ओळीतल्या अटीचं आणि इफ-एल्सचं बहुधा सारखंच मशीन कोड (यंत्राला कळणाऱ्या सूचना) बनवतो. पायथनमध्ये फरक पडलाच तर नगण्य. पुढे.

‘ओळी कमी, चुका कमी’ यात मात्र अर्धं सत्य आहे, मान्य करावंच लागेल. एकाच व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) दोनपैकी एक किंमत द्यायची असेल तर इफच्या दोन्ही फांद्यांत त्याचं नाव पुन्हा लिहावं लागतं, आणि एका ठिकाणी हमखास चुकतं. तिथे एक ओळच चांगली. पण फांद्यांमध्ये काम करायचं असेल, एकीत मेल पाठवायचा, दुसरीत फाइल लिहायची, तर साधं इफ-एल्सच लिहावं. रस्ट आणि कोटलिन या भाषांमध्ये तर इफ स्वतःच किंमत देतं, तिथे हा वादच उरत नाही.

भाचीने ओळ बदलली: दंड = ० इफ वेळेत एल्स १०. दंड लगेच नीट लागला. मग हळूच म्हणाली की तो मेसेज तिनेही पुढे दोन ग्रुपांवर पाठवलाय. आता हेही तिथेच पाठव म्हटलं.