मामांचा हापूस आणि हिरवी पट्टी

इंटरनेटवर दुकान थाटायला १९९९ साली फारशी अक्कल लागत नसे. चार पानं, दोन फोटो, खाली फोन नंबर, झालं दुकान. खरी अक्कल लागायची ती हे दुकान अमुक ठिकाणी आहे हे जगाला कळवायला. हल्ली सर्च इंजिनाचा रोबो बोलावल्याशिवाय येतो आणि स्वयंपाकघरापर्यंत हिंडून जातो. तेव्हा आपण होऊन वर्दी द्यावी लागे, आणि ती एका दारी देऊन भागत नसे. अल्टाव्हिस्टा, लायकॉस, एक्साइट, इन्फोसीक, हॉटबॉट, वेबक्रॉलर, नॉर्दर्न लाइट, शिवाय आपल्याकडचं खोज. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अ‍ॅड यूआरएल’ असं लिहिलेलं. तिथे पत्ता टाकायचा आणि वाट बघायची. किती, ते विचारायचं नाही.

या भानगडीत मी पडलो तो खोजमुळेच. नोव्हेंबर १९९९मध्ये सत्यम इन्फोवेनं राजेश जैन यांची ‘इंडियावर्ल्ड’, म्हणजे खोज आणि तिची भावंडं, ४९९ कोटी रुपयांना घेतली. ही बातमी रत्नागिरीत आमच्या मामांच्या ओटीवर पोचली आणि मामांनी पुण्याला मला फोन लावला.

“जमीन किती रे त्यांच्याकडे?”

“जमीन नाही मामा.”

“कलमं?”

“कलमंही नाहीत.”

“मग चारशे नव्व्याण्णव कोटी कशाचे?”

“लोक येऊन बघून जातात ना, त्याचे.”

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. मग मामा म्हणाले, “बघून तर आपल्याकडेही जातात. फुकट्या मेल्यांचा कधी हिशेबच ठेवला नाही मी.”

नव्या वर्षात मामांच्या हापूसची साइट उभी राहिली. तेव्हाची बहुतेक इंजिनं भोळी होती. पान स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर त्यांचा विश्वास बसे. पानाच्या डोक्यात ‘मेटा कीवर्ड्स’ नावाची एक ओळ असायची, वाचकाला न दिसणारी, फक्त इंजिनानं वाचायची. आत्मस्तुतीची इतकी राजरोस सोय मामांना त्याआधी कुणी करून दिली नव्हती. पण हापूसचं इंग्रजी स्पेलिंग काही देवानं ठरवून दिलेलं नाही. एक ‘ओ’चा हापूस, दोन ‘ओं’चा हापूस, ‘यू’चा हापूस, मध्ये ‘एच’ घुसवलेला हापूस. अल्फान्सोतही ‘एफ’ की ‘पीएच’, हा वाद होताच. आम्ही सगळेच घातले. मामींनी आतून सुचवलं, म्हणून आंबापोळी आणि फणसपोळीही गेली.

नुसतं ‘मँगो’ शोधून उपयोग नव्हता, कारण बार्सिलोनाच्या एका कपड्यांच्या कंपनीचं नाव मँगो आहे. ‘अल्फान्सो’ टाकावं तर स्पेनचे राजे दरबार भरवून बसलेले. त्यातला शेवटचा तेरावा. “तेराव्याच्या पंक्तीला आपला माल नको,” मामांनी ताबडतोब सांगितलं.

मी म्हटलं, “मग ‘देवगड’ हा शब्दही घालू. देवगड हापूस शोधणारे आपल्याकडे येतील.”

रत्नागिरीच्या बागायतदारापुढे देवगडचं नाव काढायला छाती लागते. मामांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “माझ्या दुकानावर देवगडची पाटी? मेलो तरी नाही.” मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “न दिसता लिहिता येतं?”

येत होतं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात लिहायचं. माणसाला कोरं दिसतं, इंजिन मात्र सगळं वाचतं. निम्मं जग तेव्हा हेच करत होतं. आमच्या पानाच्या तळाशी देवगड हा शब्द ओळीनं, गच्च, दोन बोटं जाडीचा बसला.

पुढे मामांचे देवगडचे व्याही चहाला आले असताना त्यांना साइट दाखवायचं ठरलं. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर तेराशे विनंत्या करून पान उघडलं. इतक्यात मामांच्या धाकटीनं, कॉलेजात नवीनच शिकलेली विद्या म्हणून, कंट्रोल आणि ए ही बटणं एकदम दाबली. अख्खं पान निळं झालं आणि खालून देवगड, देवगड, देवगड असा पांढराशुभ्र जप वर आला. खोलीत कुणी बोलेना. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एवढं मानता होय आम्हाला?” ते म्हणाले, आणि खरंच गहिवरले. त्या वर्षी अधिक महिन्याचं वाण दणदणीत आलं.

इंजिनं मात्र गहिवरत नव्हती. एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसला की पान खाली ढकलायचं, हे तोवर ती शिकली होती. अल्टाव्हिस्टानं तर ‘अ‍ॅड यूआरएल’वर थोक भरणा करणाऱ्या यंत्रांना अडवायला १९९७च्या सुमारासच वेडीवाकडी अक्षरं आणली होती. ती वाचून टंकली तर तुम्ही माणूस. हल्ली पदोपदी जे विचारतात, त्याचा हा पूर्वज.

मामांना मराठी पानही हवं होतं. रास्त मागणी. पण तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला देवनागरी अंगरखा. वाचणाऱ्याच्या मशीनवर तोच फॉन्ट असेल तर मराठी दिसायचं, नाहीतर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा सडा. इंजिनाकडे तो अंगरखा नव्हताच. त्याला आमचं अस्सल मराठी पान म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्याचा पुरावा वाटत असणार. युनिकोड येऊन रुळेपर्यंत मराठीत काही शोधायला जाणं आणि मराठीत काही सापडणं या दोन्ही गोष्टी वेड्यातच जमा होत्या.

इंजिनांनी दाद दिली नाही तर डिरेक्टऱ्या होत्या. तिथे यंत्र नव्हे, माणूस बसलेला असे. स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४मध्ये आवडत्या साइट्सची यादी करायला घेतली, तिचं पुढे याहू झालं. १९९८पासून ओपन डिरेक्टरी आली, ती स्वयंसेवक चालवत. आम्ही अर्ज केला तो कोणत्या डिरेक्टरीत, तिचं नाव मी घेणार नाही. उखाण्यातसुद्धा नाही. आधी वर्ग निवडा: खाद्यपदार्थ, फळं, आंबे? की प्रादेशिक, आशिया, भारत, महाराष्ट्र, मग जिल्हा? चुकीच्या खिडकीवर अर्ज टाकला तर तो कचऱ्यात जातो असं ऐकून होतो. बरोबर खिडकीवर टाकला तर कुठे जातो, ते अजून कळायचं आहे. तुमच्या वर्गाचा संपादक तुमचा प्रतिस्पर्धीच निघतो, अशी कुजबुज तेव्हा सगळीकडे होती. मामांनी ती ऐकली आणि “देवगडचाच असणार” म्हणून विषय संपवला.

त्यात याद्या वर्णानुक्रमानं. म्हणून अमेरिकेत जो तो नावाआधी ‘ए’ची माळ लावून बसला होता. मामांचा धंदा कुलदैवताच्या नावानं, आणि कुलदैवत ‘आर’ला. मी भीत भीत सुचवलं, “पुढे ‘ए-वन’ लावूया?”

“देवाच्या पुढे?”

“यादीत वर यायला.”

“अरे, देव वरच आहे,” मामा म्हणाले. यावर कुठलाही तांत्रिक युक्तिवाद चालत नाही.

पैसे भरून लवकर बघून घ्यायची सोयही निघाली होती. याहूची ‘बिझनेस एक्स्प्रेस’: १९९ डॉलर, म्हणजे साडेआठ हजारांच्या वर. एवढे भरले की सात कामाच्या दिवसांत तुमची साइट बघणार. बघणार फक्त. घेणारच असं नाही, आणि नाही घेतली तर पैसे परत नाहीत. मामांनी हे दोनदा समजावून घेतलं. “म्हणजे पैसे खाऊनही काम नाही? आपल्या कचेरीत एवढा बेइमान माणूस नाही मिळायचा.”

त्यापेक्षा त्यांना गोटू डॉट कॉम आवडलं. तिथे सरळ लिलाव. एका शब्दावर एका टिचकीला जो जास्त सेंट बोलेल तो वर, आणि कुणी किती बोली लावली ती शेजारीच छापलेली. पण भाव असा उघड्यावर मांडलेला बघून ते अवघडलेही. त्यांची हयात रुमालाखाली बोटं दाबून ठरणाऱ्या भावात गेलेली. “झाकायची काही पद्धत?” त्यांनी विचारलं.

मधल्या काळात एक गृहस्थ भेटले. तुमची साइट एका रात्रीत हजार सर्च इंजिनांत घालतो म्हणाले. जगात हजार सर्च इंजिनं आहेत हेच मला नवीन होतं. तशी ती नव्हतीच. बहुतेक होती ‘फ्री फॉर ऑल’ पानं, जिथे तुमचा दुवा वर चढतो आणि पाठोपाठ येणाऱ्या शेकड्यांच्या ओझ्यानं पाच-दहा मिनिटांत तळाला जातो. त्या पानांना कोणी वाचक नव्हता, सगळे लिहिणारेच. (मराठी कवितेची परिस्थिती वेगळी आहे, हे सांगून ठेवतो.) मोबदल्यात प्रत्येक पानवाल्यानं आभाराची ई-मेल धाडली. हॉटमेलची पेटी तेव्हा २ एमबीची. सकाळपर्यंत भरली, आणि एखादं खरं गिऱ्हाईक आलंही असेल तर ते दारातूनच परत गेलं असणार.

मग गूगलचा बोलबाला झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती: माणूस स्वतःबद्दल काय बोलतो ते ऐकायचंच नाही, त्याच्याबद्दल दुसरे कोण बोलतात ते बघायचं, आणि त्या बोलणाऱ्यांची स्वतःची पत काय तेही बघायचं. याला त्यांनी पेजरँक म्हटलं आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. मामांना मी हे फोनवर समजावू लागलो आणि अर्ध्यातच त्यांनी थांबवलं. “वशिला म्हण की. तलाठ्याची ओळख निराळी, कलेक्टरची निराळी. हे शोधायला अमेरिकेत जावं लागलं?”

डिसेंबर २०००मध्ये गूगलचा टूलबार, म्हणजे ब्राउझरच्या माथ्यावर बसणारी बटणांची ओळ, आला आणि हा वशिला मोजून मिळू लागला. वरच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवी पट्टी, शून्य ते दहा. आमची पांढरी फटक. मामा दर रविवारी फोन करून साखरेचा आकडा विचारावा तसं विचारत, “हिरवं काही?”

तेव्हा मामांनी सगळी नाती कामाला लावली. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या पानावर, गणपतीच्या आरतीच्या वेळापत्रकाखाली, आमचा दुवा लागला. ठाण्याच्या एका दंतवैद्यानं लावला. पण खरं घबाड निघालं ते मामांच्या मित्राचा मुलगा. अमेरिकेत एम. एस. करत होता आणि विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्याचं स्वतःचं पान होतं: नायगाऱ्यापुढे जाकीट घालून उभा, खाली रिझ्युमे, त्याखाली ‘माझे आवडते दुवे’. त्यात तिसरा दुवा आमचा. विद्यापीठाची पत मोठी, त्यातली चिमूटभर त्याच्या पानाला, त्यातली कणभर आम्हाला. महिना लागला, कारण गूगल तेव्हा सगळी यादी महिन्यातून एकदाच ढवळून नव्यानं लावायचं. त्याला ‘गूगल डान्स’ म्हणत, आणि त्या दिवसांत जगभरचे साइटवाले डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-टू, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-थ्री अशा मागच्या दारांतून उद्याचा क्रमांक आजच डोकावून बघत. मीही रात्र रात्र डोकावलो. फोनचं बिल बघून घरमालकीणबाईंना माझं कुठेतरी जमलंय असा संशय आला. एका पहाटे पट्टी चढली. तीन! ‘रत्नागिरी हापूस’ला आम्ही पहिल्या पानावर. मामांनी वाडीत पेढे वाटले.

दोन डान्स निभावले. तिसऱ्याला पट्टी पुन्हा पांढरी. चौकशी केली तर मुलगा पास झालेला! डिस्टिंक्शनमध्ये. पास झाला, विद्यापीठानं खातं बंद केलं, खात्याबरोबर नायगारा गेला, नायगाऱ्याबरोबर आम्ही गेलो.

मामा उठून मित्राकडे गेले. “एम. एस.वर थांबतो कसला तुझा पोर? एवढा हुशार. पीएच. डी.ला बसव.” मित्राला भरून आलं. त्यांना आजही वाटतं की मुलाच्या शिक्षणाची तळमळ सख्ख्या काकांपेक्षा मामांना जास्त होती. मुलगा खरोखर पीएच. डी.ला बसला आणि पाच वर्षांची निश्चिंती झाली.

आता ऑर्डरी यायला लागल्या. न्यू जर्सी, एडिसन, फ्रीमाँट. पाच डझनाची पेटी, दहा पेट्या, पैशाची पर्वा नाही. आणि एकही पाठवता येईना, कारण अमेरिकेत भारतीय आंब्याला १९८९पासून बंदी. जिथून वशिला लावला, बरोबर तिथेच माल जात नव्हता. पुण्या-मुंबईतली गिऱ्हाइकं होती, पण ती पान बघून फोन करत, भाव विचारत आणि “फोनवर नको, आम्ही गणपतीपुळ्याला येणारच आहोत” म्हणत. तेही आंबे संपल्यावर, जूनमध्ये. डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, वार्षिक ३५ डॉलर पुढच्या खेपेला मामांनी भरले नाहीत. म्हणाले, तेवढ्यात दोन गड्यांची मजुरी निघते.

एप्रिल २००७मध्ये बंदी उठली. आंबा आधी नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाखालून काढायचा, मगच अमेरिकेला. हे सांगायला मी मामांना फोन केला. हापूस कांद्याच्या गावाहून जाणार म्हटल्यावर ते अर्धा मिनिट नुसते हुंकारत राहिले. बोलता बोलता मी सहज आमचा जुना पत्ता टाकला. पान उघडलं! तो पत्ता केव्हाच कुणीतरी उचलला होता. महाराष्ट्र मंडळ, ठाण्याचे दंतवैद्य, अजून पीएच. डी.तच असलेला तो मुलगा, सगळ्यांचे दुवे अजून शाबूत, हिरवी पट्टी चारावर, आणि पानावर केस उगवायच्या गोळ्या. गूगलमध्ये त्या गोळ्यांचं नाव टाकून पाहिलं. तिसरा क्रमांक.

“मामा, आपल्या पत्त्यावर कुणी टकलावरचं औषध विकतोय.”

“पहिल्या पानावर आहे?”

“आहे.”

“मग त्याला विचार,” मामा म्हणाले, “खाली कोपऱ्यात पेटीचा भाव लावशील का?”