तीन महिन्यांच्या इंजेक्शनला येणारी बाई

नमस्कार,

कुटुंब नियोजन केंद्रातच एचआयव्हीची तपासणी व्हावी, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. कुटुंब नियोजन केंद्रात एचआयव्हीची तपासणी सुरू केली तर ‘एड्सचं केंद्र’ अशी बोलवा होईल आणि बायका यायच्या बंद होतील. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे मुळात एचआयव्हीचा धोका वाढतो. आणि बाधित बायकांना मुलं होऊ द्यायची नाहीत, हाच यामागचा खरा हेतू आहे.

आधी इंजेक्शनचं बोलते. ही शंका अनेक वर्षं होती, आणि तिचा निकाल लावायलाच ‘एको’ ही चाचणी झाली. दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि एस्वातिनीतल्या ७,८२९ महिला त्यात होत्या. इंजेक्शन, तांबी आणि दंडात त्वचेखाली बसवायचं इम्प्लांट यांत लागणीच्या प्रमाणात मोठा फरक आढळला नाही, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. मला मात्र त्यातलाच दुसरा आकडा अजून छळतो. चाचणीच्या काळात ३९७ जणींना एचआयव्हीची लागण झाली, म्हणजे वर्षाला शंभरात जवळपास चार. कंडोम आणि सल्ला मिळत असूनही! यांना कुणी ‘जोखमीच्या गटातल्या’ म्हणून शोधून आणलं नव्हतं. त्या गर्भनिरोधक हवं म्हणून आल्या होत्या.

इंजेक्शन घेणारी बाई वर्षातून चारदा नर्ससमोर बसते. कार्ड पुढे करते, बाही वर सारते, पुढची तारीख लिहून घेते आणि निघते. त्याच खुर्चीत बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तर साधारण वीस मिनिटांत निकाल कळतो. एचआयव्हीच्या वेगळ्या केंद्राची पायरी ती आपणहून चढेल का? तिथं जाताना दिसली की लोक नको ते तर्क करणार. बोलवा होते ती वेगळ्या रांगेमुळे; एकाच खोलीत सगळ्यांची तपासणी होते तेव्हा कोण कशासाठी आलं, हे बाहेर कळत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. नामिबियात बाधित महिलांकडून ऐन प्रसूतिकळांत नसबंदीच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्या महिलांच्या बाजूनं दिला. हे विसरून कुणी ही सेवा उभी करू नये. मूल हवं असणाऱ्या बाईला तिथं तितकीच मदत मिळायला हवी. उपचारांविना आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, नीट उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं.

आणि ज्यांना मूल नको, त्यांचंही नुकसान दोन विभागांच्या तुटकपणातूनच होतं. इफाविरेन्झ या एचआयव्हीवरच्या औषधानं इम्प्लांटचा असर कमी होतो. एका खोलीत गोळ्या आणि दुसऱ्या खोलीत इम्प्लांट मिळत असेल, तर तिला हे सांगणार कोण?

नर्सवरच्या वाढत्या कामाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. जादा माणसं न देता दोन कामं एकीच्याच गळ्यात घातली, तर दोन्ही बिघडतील. मूळ लेखात मी हे एका ओळीत उरकलं होतं. तिथं आज भर घालते आहे.