राजकारण वगळा, पण नेमके कोणाचे?

सोलापूरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. कधी तो एखाद्या यंत्रमागधारकाच्या तोंडी घातलेला असतो, कधी खाली ‘एक त्रस्त करदाता’ अशी सही असते, पण आशय बदलत नाही. रोजगाराच्या आणि कौशल्याच्या सरकारी योजना केवळ मतांसाठी निघतात. फुकटच्या पैशामुळे मागावर आणि शेतात माणूस मिळत नाही. पैसे वाटण्यापेक्षा कौशल्य द्यावे. हा सगळा खर्च आमच्या करातून होतो. म्हणून या योजनांतून राजकारण हद्दपार करून त्या तज्ज्ञांच्या आणि संगणकाच्या हाती सोपवाव्यात, म्हणजे सोलापूरची पोरे पुण्याला जायची थांबतील. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची प्रत्येक तक्रार खोटी आहे असे नाही. मात्र या तक्रारींवरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ज्यांच्याकडे संघटना आणि मत यांखेरीज दुसरे कोणतेही बळ नाही, त्यांच्या हातून तेवढेही काढून घ्या, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

योजना मतांसाठी निघतात, हा पहिला दावा. निघतात, आणि निवडणुका होणाऱ्या देशात ते स्वाभाविक आहे. पाहायचे ते एवढेच की मते मोजून झाल्यावर त्या योजनेचे काय उरते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या कसोटीवर तपासून पाहावी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर आली. त्या कामांवरच डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी मजुरांचे मोर्चे बांधले. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता, ही या कायद्याची मांडणी होती. ती काही तज्ज्ञांच्या बैठकीत तयार झाली नव्हती. तिच्यामागे उघड देवघेव होती. बागायतदाराला आपल्या शिवारात तलाव, बांध आणि रस्ता हवा होता, मजुराला गावातच काम हवे होते, आणि दुष्काळातले लोंढे शहरात येऊ नयेत असे शहराला वाटत होते. तिघांचे हितसंबंध जुळले म्हणून सर्व पक्षांनी कायद्याच्या बाजूने हात वर केले. १९९० मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा सांगोला, मंगळवेढ्याच्या कोरडवाहू माळावर डाळिंब उभे राहण्यास तिचा हातभार लागला. शेतकऱ्यांच्या मतांचे गणित त्यात नव्हते, असे कोण म्हणेल?

याच योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने आणावी लागली आणि ती जवळपास दुप्पट झाली. मात्र निधी त्या प्रमाणात वाढवला गेला नाही. त्यामुळे पुढच्या वर्षांत कामेच कमी निघू लागली आणि मजुरांची उपस्थिती घसरली. कायद्यातील हमीचा शब्द तसाच राहिला आणि तिचा आशय अंदाजपत्रकाने कापला. हेही राजकारणच होते, फक्त ते मोर्चात दिसत नव्हते.

सोलापूरच्या पूर्व भागातली गोष्ट तर या मजकुराच्या लेखकांच्या घराशेजारची आहे. तिथल्या घरांत बाई सकाळी पाने भिजवून, कापून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसते आणि ठरलेल्या वेळी तयार माल कारखान्याच्या शाखेत नेऊन देते. तिथे काही विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. तिची कामाची जागा म्हणजे तिचे घर. घर दहा बाय दहाचे असेल तर तंबाखूची धूळ, चूल आणि पोरांचा अभ्यास एकाच खोलीत असतो. म्हणून विडी कामगारासाठी घराची मागणी ही रोजगाराचीच मागणी ठरते. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरच्या तीस हजार घरांचा प्रकल्प आला. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली, आणि त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते देण्यात आल्या. दोन्ही प्रकल्पांमागे उभे होते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर. पायाभरणीच्या व्यासपीठावर त्यांनी पंतप्रधानांची स्तुती केली म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. ज्यांना राजकारण हद्दपार करायचे आहे त्यांनी या प्रकरणातून ते वजा करून दाखवावे. काँग्रेस, भाजप आणि माकप हे तिन्ही पक्ष वजा केल्यावर कुंभारीच्या माळावर काय उरले असते?

फुकटच्या पैशाने माणसे आळशी झाली, हा दुसरा दावा चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सर्वात जास्त टाळ्या घेतो. त्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. केंद्राने २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ठरवलेली मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेची, मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्याची सगळी मदत मिळून पाच दिवसांची मजुरीसुद्धा भरत नाही. एवढ्या रकमेवर कोणी घरी बसून राहत असेल, तर ज्या कामाला ते माणूस जात नाही त्या कामाचा दर आणि तास आधी तपासायला हवेत. अनेक कारखान्यांत मागावरची पाळी आजही बारा तासांची आहे, कानात खडखडाट घेऊन ती काढावी लागते आणि मजुरी तयार मालावर ठरते. हाताशी थोडा पैसा असलेला मजूर पडेल त्या दराला हो म्हणत नाही, ही त्रासदायक बाब नक्कीच आहे, पण ती मालकासाठी. तिला आळस म्हणणे हा हिशेबातला लबाड शब्द आहे.

हंगामात शेतीला माणूस मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. ज्वारीच्या काढणीला आणि द्राक्षाच्या छाटणीला मजूर शोधताना शेतकऱ्याची दमछाक होते. या तक्रारीचे पुढे काय झाले तेही पाहा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण पेरणी आणि कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आली. अकुशल मजुरीचा पूर्ण भार आधी केंद्रावर होता; आता खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यावर आला. म्हणजे शेतमालकांची तक्रार थेट कायद्यात उतरली. ती उतरू नये असे माझे म्हणणे नाही. पण मालकाची मागणी कायद्यात गेली की ते धोरण, आणि मजुराची गेली की ते मतांचे राजकारण, ही दुहेरी मोजपट्टी चालणार नाही.

पैसे नको, कौशल्य द्या, हा तिसरा दावा ऐकायला सर्वात शहाणा वाटतो, आणि सोलापूरने तर तो दोनदा खोटा ठरवला आहे. जुनी मिल बंद पडली, पुढे १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिलची चाके थांबली. त्या दिवशी दारावर उभ्या असलेल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, आणि विणकराला कौशल्याची कमतरता नव्हती. हात शाबूत होते, साचाच बंद पडला होता. कित्येकांनी नंतर रिक्षा चालवली, रखवालदारी केली. दुसरा पुरावा म्हणजे विडी वळणारी बाई. तिच्या बोटांची गती पाहिली तर कोणत्याही प्रशिक्षकाने मान खाली घालावी, पण बाजार त्या गतीची किंमत देत नाही. कौशल्याला मोल येते ते मागणी आणि सौदा करण्याची ताकद असली तर.

आता कौशल्य योजनांकडे पाहू. १७ जुलै २०२४ रोजी आषाढी एकादशीला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सोलापूरच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, ज्या योजनेची जाहीर वाच्यता केली ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोकांच्या तोंडी ‘लाडका भाऊ’. बारावी उत्तीर्णाला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. चार महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. निवडणुकीनंतर मुदत वाढवून अकरा महिने करण्यात आली, आणि ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर आले. सरकारी कार्यालयात रुजू झालेला पदवीधर मुलगा आवक-जावक नोंदी करतो, संगणकावर याद्या भरतो, साहेबांच्या बैठकीच्या प्रती काढतो, आणि मुदत संपली की हातात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. त्या कार्यालयातील रिक्त पद मात्र तसेच रिक्त राहते. इथे राजकारण जास्त झाले, ही टीका मला अर्धीच पटते. घोषणेपुरते राजकारण भरपूर झाले. पुढच्या नोकरीची हमी, स्वतंत्र निधी आणि मुदतीनंतरचा हक्क कायद्यात लिहून घेणारे राजकारण झालेच नाही. १९७९ च्या आणि २०२४ च्या योजनेतला फरक नेमका हा आहे.

करदात्याचा चौथा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. पगारदाराच्या पावतीवर दरमहा साधारण २०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच बसवला गेला, आणि त्याची वर्षाची कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. शहराने खेड्यातल्या मजुराशी केलेला हा करार होता आणि तो उघडपणे झाला. उलट विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत मिळत असे. जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ पासून तो उपकर गेला. विडीवर कर चालूच राहिला, पण त्यातला कामगारांच्या नावाने राखून ठेवलेला हिस्सा संपला. त्या दिवशी ‘त्रस्त करदाता’ गप्प होता, कारण बातमीत कोणालाही काही फुकट मिळाले नव्हते.

राहता राहिला तज्ज्ञ आणि संगणक. मनरेगाची हजेरी जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर फोटो काढून घेणे सक्तीचे झाले, आणि जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या पद्धतीनेच देणे बंधनकारक झाले. माळावर रेंज नसेल किंवा नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल, तर केलेल्या कामाची मजुरी अडकते, आणि ती कोणी अडकवली हे सांगायला समोर माणूसच नसतो. कौशल्य विकासाच्या केंद्रीय योजनेचा कारभार पूर्वीपासून संगणकावर होता. तरीही महालेखापरीक्षकांना तिथे असंख्य उमेदवारांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये, रिकाम्या जागा किंवा एकाच अंकाची माळ आढळली. यंत्र कोणते बसवायचे आणि ते कोणाला अडवेल, हा निर्णय कोणीतरी घेतलेलाच असतो.

मनरेगात कामाची मागणी करायची तर मजुराने नमुना ४ हा अर्ज भरून द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची असे, कारण पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याचा हक्क त्या तारखेपासून मोजला जाई. म्हणूनच ती पोच मिळता मिळत नसे. अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघू, हे उत्तर एकट्या मजुराला मिळते. पन्नास बायका एकत्र येऊन ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसल्या की शिक्का सापडतो. बांधकाम कामगारांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांच्या कल्याणकारी मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो कायद्याने त्यांचाच आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्याच्या दारात कामगाराला हेलपाटे घालावे लागतात. पुढे मिळणारा भांड्यांचा संच मात्र पुढाऱ्याच्या हस्ते, फोटोसह वाटला जातो. कायदा आहे, निधीही आहे, पण मागणारा संघटित नसल्याने हक्काचे ताट भेट म्हणून हाती येते. यावर उपाय म्हणून त्या पुढाऱ्याच्या जागी परगावची एखादी सल्लागार कंपनी बसवली, तर फोटो तेवढा जाईल, हेलपाटे राहतील.

शेवटी पुण्याला जाणारी पोरे. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेला मुलगा पुण्याजवळच्या चाकणला जातो, कारण कारखाना तिथे आहे. त्याला आणखी चांगले प्रशिक्षण दिले तर तो आणखी लवकर जाईल. अक्कलकोट रस्त्याच्या किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत त्याला काम मिळायचे असेल, तर पाणी, वीज, जमीन आणि वाहतूक यांचे निर्णय सोलापूरच्या बाजूने व्हावे लागतात, आणि हे निर्णय कोणतीही प्रशिक्षण संस्था घेत नाही. विमानसेवेला अडथळा ठरणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून या शहराने वर्षानुवर्षे वाद घातला. चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि गोव्याचे विमान जून २०२५ मध्ये उडाले. चिमणी राहावी म्हणणारे आणि जावी म्हणणारे, दोघेही रोजगाराच्याच नावाने बोलत होते, आणि दोघांच्याही मागे पुढारी उभे होते.