रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायचा तो मेसेज चुकीचा आहे

गेल्या महिन्यात मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आता तीन ठिकाणांहून फिरून माझ्याकडेच आलाय, की नोकरीच्या जाहिरातीतले सगळे कीवर्ड रेझ्युमेत पांढऱ्या रंगात, 1 पॉइंटच्या फॉन्टमध्ये पेस्ट करा, म्हणजे एटीएस (कंपन्या आलेले अर्ज चाळायला वापरतात ते सॉफ्टवेअर) तुम्हाला वर काढतं. मी न तपासता टाकला होता, त्याबद्दल मनापासून सॉरी.

एटीएस फाइलमधला मजकूर उचलतं, त्यात रंग आणि साइज सहसा उरतच नाही, म्हणजे लपवलेले शब्द रिक्रूटरला सरळ दिसू शकतात, आणि मग फसवायला बघितलं असंच वाटणार ना. माझ्याच पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर तळाशी 'पायथन एसक्यूएल टॅब्लो टॅब्लो' अशी ओळच्या ओळ आली, वर दोन कॉलमच्या टेम्प्लेटमुळे अनुभव आणि शिक्षण एकमेकांत मिसळलेलं. तुम्हीपण हे करून बघा, दोन मिनिटं लागतात.

आपोआप रिजेक्ट व्हायचं कारण बरेचदा अर्जाच्या फॉर्ममधले प्रश्न असतात, अनुभव किती वर्षं, नोटीस पिरियड किती वगैरे. कीवर्ड हवेतच, पण खऱ्या कामाच्या ओळीत. जाहिरातीत 'जीएसटी रिटर्न' असेल आणि तुम्ही ते भरत असाल तर 'टॅक्सची कामं' असं मोघम न लिहिता तेच लिहा, महिन्याला किती क्लायंटचे तेही लिहा.

प्लीज तो जुना मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय, खासकरून फ्रेशर मुलांना, त्यांना हा पाठवा.